वाळूवरचं कूळ

कृष्णेला काठ आहे, घाट आहे, मळई आहे, पण बीच नाही, ही गोष्ट आमच्या गावात कुणाच्या लक्षातच आली नव्हती. ती उदयसिंहच्या आली.

कराडहून सांगलीकडं जाताना नदी आमच्या गावाशी एक मोठं वळण घेते. शिमगा झाला की पाणी मागं सरतं आणि वळणाच्या पोटात पांढऱ्या वाळूचा लांबलचक पट्टा उघडा पडतो. पट्टा सरकारचा. त्याला लागून असलेली मळई, म्हणजे काठची गाळाची जमीन, उदयसिंहची. त्यानं मळईत नारळाची झाडं ड्रममध्ये आणून ठेवली, वाळूत गवती छत्र्या रोवल्या, त्यांच्याखाली पाठ टेकायच्या खुर्च्या मांडल्या आणि झाडाला टांगलेल्या स्पीकरवर लाटांचा आवाज लावला. हायवेला फ्लेक्स लागला: ‘गोव्याला कशाला? कृष्णाई बीच रिसॉर्ट.’ पाण्यात मगरीच्या आकाराची पायडलची होडी होती. खरी सुसर पलीकडच्या काठाला ऊन खात पडलेली असे. गिऱ्हाइकांना ती सिमेंटची वाटे. तिच्याकडं पाठ करून लोक फोटो काढत.

गावाला यात काही गैर वाटलं नाही. गैर वाटलं ते हंबीररावांना, आणि तेसुद्धा नंतर.

हंबीरराव म्हणजे उदयसिंहचे थोरले चुलतभाऊ. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ऊस, एक म्हैस, एक मुलगी आणि मिशा, एवढा संसार. बायको मागंच गेली होती. दोघा भावांची घरं एका भिंतीला भिंत लावून उभी. बोलणं पूर्वीपासूनच मोजकं, पण बंद नव्हतं. ते बंद झालं वडिलांच्या वर्षश्राद्धाला.

हंबीररावांच्या वडिलांना नदीकाठी अग्नी दिलेला, वळणावरच्या करंजाखाली. त्यामुळं वर्षश्राद्धाचं पान तिथंच ठेवायचं, असं ठरलेलं. हंबीरराव पांढरा फेटा बांधून, हातात पान घेऊन निघाले. वाटेत गेट लागलं. ते आदल्या वर्षी नव्हतं. गेटवर परगावचा वॉचमन होता.

“कपल का फॅमिली?” वॉचमननं विचारलं.

हंबीररावांना प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, “पान ठेवायचंय.”

“सिंगल जंटला एंट्री न्हाई, काका. फॅमिली घिऊन या.”

“फॅमिली आतच हाय. बाप हाय माझा. त्या करंजाखाली जाळलाय.”

वॉचमननं करंजाकडं पाहिलं. त्याखाली आता चेंजिंग रूम होती. “त्यांनी तिकीट काढलंतं का?” असं त्यानं विचारलं. माणूस वाईट नव्हता. त्याला जेवढं शिकवलं होतं तेवढंच तो विचारत होता.

हंबीररावांनी पान गेटाबाहेर ठेवलं आणि ते हात जोडून उभे राहिले. कावळा आला नाही. आमच्या शिवारात जेवढे कावळे होते तेवढे सगळे आत होते, चिकन सिक्स्टी-फाइव्हच्या टेबलांपाशी. ऊन डोक्यावर आलं तरी पानाला चोच लागली नाही. शेवटी गाईला घातलं.

हा सगळा प्रकार उदयसिंहनं केबिनमध्ये बसून कॅमेऱ्यावर बघितला आणि बाहेर आला नाही, हे नंतर त्याच वॉचमननं टपरीवर चहा पिताना सांगितलं. ते हंबीररावांपर्यंत पोचायला चहा संपायचाही वेळ लागला नाही.

त्या दिवसापासून हंबीररावांना आयुष्यात एकच काम उरलं. रिसॉर्ट बंद पाडायचं.

अर्ज झाले. एक साहेब पाहणीला आले, त्यांना सुरमई फार आवडली. दुसरे साहेब आले, ते सहकुटुंब आले. हंबीररावांचा त्यावर राग नव्हता. शत्रू बलवान असला तर त्याच्यापेक्षा मोठा कुणीतरी आपल्या बाजूला हवा, एवढं त्यांना फौजेनं शिकवलं होतं. तो मोठा कोण, हे मात्र कळत नव्हतं.

तो मोठा त्यांना मुलीनं दाखवला. शिवांजली कराडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि सुट्टीला दुर्बीण घेऊन यायची. चैत्रातल्या एका सकाळी तिनं वडिलांना बांधावर बोलावलं आणि दुर्बीण दिली.

“काय दिसतंय?”

“वाळू.”

“अजून बघा.”

“पाखरू बसलंय. पांढरं. डोकं काळं, चोच पिवळी. हे तर कायमच असतंय.”

“नदी सुरय, आप्पा. बसलेली नाही, अंडी उबवतीये. घरटं बांधत नाहीत हे पक्षी. वाळूत नुसता खळगा करायचा आणि अंडी घालायची. अंड्याचा रंग पण वाळूचाच. माणसं चालत जातात, पायाखाली काय फुटलं कळत पण नाही.” तिनं रिसॉर्टच्या बाजूला बोट केलं. “त्या छत्र्या जिथं आहेत ना, तिथं सगळीकडं असायची ही. आता एवढा एक तुकडा राहिलाय.”

हंबीररावांनी पुन्हा दुर्बीण लावली. दुसरं पाखरू आलं, पोटाची पिसं पाण्यात बुचकळून आलेलं. पहिलं उठलं, दुसरं ओल्या पोटानं अंड्यांवर बसलं.

“गार्ड बदलला,” हंबीरराव म्हणाले.

“उन्हानं अंडी तापू नयेत म्हणून पोट भिजवून येतात.”

“आणि हितनं त्यास्नी कुणी उठवलं तर?”

“उठवता येत नाही. कायद्यानं संरक्षण आहे. अंडी आहेत तोवर तिथून त्यांना कुणी हलवू शकत नाही.”

हंबीररावांनी दुर्बीण हळूच खाली केली. “कुणी म्हंजे कुणीच न्हाई?”

“कुणीच नाही.”

“मग हे तर कूळच की,” ते म्हणाले.

आमच्याकडं कूळ हा शब्द साधा नाही. दुसऱ्याचं रान कसतो तो कूळ. कुळकायदा आला तेव्हा कसणारे मालक झाले आणि मालक बघत राहिले. हंबीरराव आणि उदयसिंह यांच्या आजोबांचं नदीकाठचं उत्तम रान असंच गेलं. आजोबा पुढं बरीच वर्षं जगले, पण दुसऱ्या विषयावर बोलले नाहीत. त्यांनी दोन्ही घरांना एक नियम घालून दिला: वाटेकरी ठेवा, पण त्याला रानात चूल मांडू देऊ नका. तीन दगड मांडलेले दिसले, की लाथ घालायची. या नियमावर दोन्ही घरांतली मुलं वाढली. दुसरी मुलं बागुलबुवाला भ्यायची, ही कुळाला भ्यायची. उदयसिंह आजही आपल्या मळईत गुराख्याला भाकरी खायला बसू देत नाही.

शिवांजलीनं वनखात्यात कळवलं. वनरक्षक रविराज आला. आटपाडीकडचा, मेंढरांमागं वाढलेला, बोलायला सावकाश. त्यानं खळगे शोधले, भोवती काठ्या रोवून दोरी बांधली आणि ‘पक्ष्यांची अंडी आहेत, आत जाऊ नये’ असा बोर्ड लावला. दोन दिवसांनी त्या दोरीला रिसॉर्टनं लाल फुगे लावले आणि बाजूला ‘सेल्फी पॉइंट’ अशी पाटी रोवली.

“एवढ्यावर काय करता येतंय?” हंबीररावांनी रविराजला विचारलं.

“फुगं काढतो. समज देतो. अजून काय, सुभेदार? अंड्याला धक्का लागला असता तर गोष्ट येगळी हुती.”

“लागला तर?”

“मग गुन्हा. माणूस आत, जागेला टाळं.”

हंबीररावांनी मिशांवरनं हात फिरवला.

आता भाऊबंदकीत बोलणं बंद असलं, तरी निरोप बंद नसतात. फक्त ते माणसाला न सांगता जनावराला सांगायचे असतात, आणि भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात. दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी हंबीरराव म्हशीपाशी उभे राहिले.

“ऐकलंस का गं,” ते म्हशीला म्हणाले, “आपल्या उदयच्या वाळूत कूळ लागलं.”

म्हैस रवंथ करत होती. भिंतीपलीकडं भांडी घासायचा आवाज थांबला. तिथं अंबूबाई होती, उदयसिंहची आई आणि हंबीररावांची चुलती. कुळकायद्याच्या आठवणीनं सासऱ्याला झोपेत ओरडताना तिनं स्वतः ऐकलेलं.

“पाखरं हायती म्हणं,” हंबीरराव पुढं सांगू लागले. “पण कायदा त्यास्नी बी लागलाय. फारेस्टवाला दोरी बांधून गेला, म्हंजे कब्जा दाखवला. अंडी घातली, म्हंजे चूल मांडली. एकदा का पिल्लं भाईर पडली की संपलं. मग छत्र्या काढा, खुर्च्या काढा, मळईतनं बी उठा. आजोबांचं रान असंच गेलं. आपल्याला काय करायचंय? तू पेंड खा.”

म्हशीनं पेंड खाल्ली. पलीकडं अंबूबाईच्या हातातलं पातेलं खाली पडलं, आणि मग तिची हाक ऐकू आली, “उदय. आरं उदय, हिकडं ये आदी.”

उदयसिंह अडाणी नाही. त्याच्याकडं इंजिनिअरिंगची डिग्री आहे, भिंतीवर लावलेली. पाखरं कूळ होत नाहीत हे त्याला कळत असणारच. पण कळणं वेगळं आणि लहानपणी पोटात गेलेली भीती वेगळी. शिवाय आई सकाळसंध्याकाळ एकच वाक्य म्हणत होती: “चूल मांडलीया, आन् तू बघत बसलायस.”

गुरुवारी रिसॉर्टला सुट्टी असते. त्या गुरुवारी सकाळी जेसीबी वाळूत उतरला.

हंबीररावांना हे अपेक्षित होतं. ते पहाटेपासून रविराजला घेऊन बांधावरच्या झुडपाआड बसले होते. रविराजच्या हातात फोन होता, चित्रण सुरू होतं. शिवांजली इंजिनाचा आवाज ऐकून घरातून धावत आली आणि दोघांना तिथं तयारीत बसलेलं बघून थबकली.

“तुम्हाला माहीत होतं?” तिनं विचारलं.

रविराज फोनमध्ये बघत होता.

“आप्पा, हे त्यांच्या डोक्यात कुणी घातलं?”

“मी म्हशीसंगं बोलत हुतो,” हंबीरराव म्हणाले. “आता ज्याचं त्यानं ऐकावं.”

शिवांजली खाली उतरायला निघाली. हंबीररावांनी तिचं मनगट धरलं.

“थांब. अजून दोरीच्या आत गेला न्हाई.”

“गेला की काय राहणार आहे?”

“सुभेदार म्हंत्यात ते बरोबर हाय, ताई,” रविराज म्हणाला. त्याचा आवाजही फारसा खंबीर नव्हता. “आत्ता थांबवलं तर नुसतं रिकामं वाहन. ‘खुर्च्या मांडाय आलतो’ म्हंतील. बकेट आत जाऊ द्या, मग सुटका न्हाई.”

“आणि अंडी?”

“पाखरं पुढल्या साली परत घालतील की,” हंबीरराव म्हणाले.

“कुठं घालतील? तुमच्या उसात?”

जेसीबी पुढं आला. कडेच्या काठ्या बकेटाखाली मोडल्या, पुन्हा लावलेले फुगे एक-एक फुटले. पाखरं उठली आणि कालवा करत ड्रायव्हरच्या डोक्यावर झेपावू लागली. ड्रायव्हर जोतीराम आमच्याच गावचा. त्यानं डोक्यावर टॉवेल घेतला. सगळी पाखरं हवेत होती, एक सोडून. दोरीच्या मधोमध एक मादी खळग्यात बसून होती. पंख थोडे पसरलेले, चोच उघडी, नजर समोर. लोखंड तिच्यापासून चार पावलांवर होतं आणि ती उठत नव्हती.

हंबीररावांना हवं होतं ते सगळं समोर मांडलेलं होतं. आणखी थोडा वेळ गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. पलीकडं मळईत उदयसिंह दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता. उद्या याच वेळी तो कुठल्या बाकावर बसलेला असेल, तेही हंबीररावांच्या डोळ्यांपुढं आलं असेल.

“पोस्ट सोडंना की ही,” ते पुटपुटले.

मग त्यांनी शिवांजलीचं मनगट सोडलं आणि स्वतःच बांध उतरून निघाले. धावले नाहीत. सुभेदार धावत नाहीत. परेडच्या चालीनं गेले आणि बकेट व खळगा यांच्यामध्ये वाळूत मांडी घालून बसले. मादीनं त्यांच्या पाठीत चोच मारली.

“आवं सुभेदार, बाजूला व्हा की,” जोतीराम वरून म्हणाला.

“तू बाजूला हो.”

“मालकांनी सांगितलंय.”

“मालकाला सांग, आता कूळ वाढलंय. आता मी बी हाय.”

जोतीरामनं इंजिन बंद केलं. उदयसिंह वाळूतून चालत आला. त्यानं बांधावरच्या रविराजकडं, त्याच्या फोनकडं आणि शाबूत खळग्यांकडं एकदा बघितलं, आणि काय होणार होतं ते त्याला समजलं. तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा तो भावाशी थेट बोलला.

“दादा, थोडा येळ थांबला असता तर मी आत गेलो असतो की.”

“म्हाईत हाय.”

“मग?”

हंबीररावांनी पाठ चोळली. “अंडी गेली असती तर तू दंड भरून आठ दिवसांत भाईर आला असतास, आन् वाळू मोकळीच्या मोकळी तुला. कूळच मेलं तर खटला कुणाच्या नावानं चालवायचा?”

हे उत्तर त्यांनी नंतर सगळ्या गावाला दिलं. शिवांजलीला ते खरं वाटत नाही. तिनं विचारलं तेव्हा त्यांनी म्हशीला पाणी दाखवायला जायचं आहे असं सांगितलं.

रविराज मात्र चिडला. त्याच्या हाती आलेली केस मोडलेल्या काठ्यांवर आली होती. उदयसिंहला लेखी समज मिळाली. ती त्यानं केबिनमध्ये डिग्रीशेजारी लावली, असं म्हणतात.

पण हंबीरराव वाळूतून उठले नाहीत. दुपारी त्यांनी घरून बाज मागवली. ती दोरीला लागून, रिसॉर्टच्या पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांच्या अगदी समोर टाकली. जागा सरकारची, तिथं बसायला उदयसिंहला जेवढा अधिकार, तेवढाच त्यांना. रविराजनं, राग गिळून, त्यांना संरक्षक स्वयंसेवक म्हणून एक टोपी दिली.

त्यानंतर कृष्णाई बीचवर जो येई त्याला नदी दिसे, वाळू दिसे आणि मधोमध हंबीरराव दिसत. बनियन, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि वनखात्याची टोपी. नाश्त्याच्या वेळेला ते दात घासत. त्यांचं दात घासणं गावात प्रसिद्ध आहे. घशापर्यंत बोटं घालून, पोटातला शेवटचा आवाज बाहेर काढून, सावकाश. लाटांचा स्पीकर त्यापुढं कमी पडे. लग्नाआधीचं चित्रण करायला सांगलीहून, माधवनगरहून जोड्या येत. नवरा गुडघ्यावर बसला की त्याच्या खांद्यावरून मागं हंबीरराव पाठ खाजवताना येत. कॅमेरावाला जागा बदले, हंबीरराव बाज बदलत.

“काका, जरा आत होता का?” एकानं विचारलं.

“ड्युटीवर हाय,” हंबीरराव म्हणाले.

कुणी दोरीजवळ आलं की ते नुसते उभे राहत. कर्ण्यावरची गाणी वाढली की ते रविराजला फोन लावत आणि फोनवर पाखरांच्या तब्येतीची सविस्तर हकिगत गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशी सांगत. त्यात पलीकडच्या सुसरीच्या भुकेचाही उल्लेख असे. एक दिवस सिमेंटची सुसर सगळ्यांसमोर पाण्यात उतरली. पायडलच्या होडीतले लोक होडी न थांबवताच उतरायला लागले. नेटवर कुणीतरी लिहिलं: ‘लोकेशन छान. पण एक म्हातारा सतत बघतो. मगर खरी आहे.’

यात हंबीररावांची एकच अडचण झाली. पाणी मागं सरलं की आमच्याकडं मोटरीचा पाईप वाळूवरून पुढं ओढत न्यावा लागतो, नाहीतर तोंड उघडं पडतं आणि मोटर हवा ओढते. हंबीररावांचा पाईप नेमका खळग्यांच्या रांगेतून जाणारा. उदयसिंहला हे पक्कं ठाऊक होतं. तो रोज संध्याकाळी मळईच्या टोकाला उभा राहून त्यांच्या उसाकडं बघे. कधीतरी ते पाईप ओढतील आणि मग फोन काढून चित्रण आपण करू, या आशेवर तो वाट बघत होता.

हंबीररावांनी पाईप ओढला नाही. पाणी खाली गेलं, मोटर बंद झाली. शेंड्याकडून ऊस पिवळा पडला, मग वाळला. शिवांजलीनं एकदा विचारलं, “गावातल्यांच्या विहिरीचं पाणी मागू का?”

“नगं,” ते म्हणाले. “त्याला दिसू दे.”

वैशाखाच्या अखेरीला पिल्लं वाळूत पळायला लागली होती. वाळूच्याच रंगाची असल्यामुळं थांबली की नाहीशी होत. रिसॉर्टमध्ये गुरुवारची सुट्टी आता सगळ्या वारांना पसरली होती. छत्र्या काढून शेडमध्ये टाकलेल्या, स्पीकर गप्प. उदयसिंह दुपारी वाळू तुडवत आला, दोरी टाळून, दोन्ही पायांखाली बघत. बाजेच्या कडेला उभा राहिला.

“दादा, बास झालं आता.”

हंबीरराव उताणे पडलेले. डोळे मिटलेले होते. “पिल्लू बघ. पायाशी हाय.”

उदयसिंहनं पाय मागं घेतला. “निम्मी भागी देतो. तुमच्या नावावर. बाजूची वाळू पाखरास्नी राहू द्या, आपण मळईत खोल्या काढू. पाखरं बघाय येतील लोकं.”

“लोकास्नी काय करायचंय पाखरं बघून?”

“बरं, भागी नगं. करंजाखालची चेंजिंग रूम काढतो. दरवर्षी तितं पान ठेवा.”

हंबीररावांनी एक डोळा उघडला. थोडा वेळ भावाकडं बघितलं, आणि डोळा पुन्हा मिटला.

“ठेव तू. तुझा बी चुलताच हुता.”

उदयसिंह बाजेच्या पायाशी, वाळूत उकिडवा बसला. समोर हंबीररावांचा वाळलेला ऊस होता, वाऱ्यानं सळसळत.

“तुमचा ऊस गेला, दादा.”

“दिसतोय.”

“माझं रिसॉर्ट गेलं.”

“तेबी दिसतंय.”

“मग तुमाला ह्यात घावलं काय, एवढं तरी सांगा.”

हंबीररावांनी विचार केला. खरोखरच केला, कपाळाला आठी पडली. वाळूवरून मादी ओल्या पोटानं येऊन बसली, तिच्याखाली दोन पिल्लं शिरली.

“झोप लय चांगली लागती रं,” ते म्हणाले, आणि टोपी डोळ्यांवर ओढून कुशीवर वळले. थोड्या वेळानं ते घोरायला लागले. उदयसिंह तिथंच बसून होता.